ओट्याची उंची

वैशाख सरत आला की आमच्या घराला वास सुटतो. सोड्यांचा, वाकट्यांचा, जवळ्याचा, अंगणात चटईवर पसरलेल्या मिरच्यांचा, आणि या सगळ्यांच्या खाली खाडीच्या गाळाचा, जो बारमाही असतो पण या दिवसांत जास्त जाणवतो. पनवेलच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसणाऱ्या बायकांची रांग लांबते. आमच्याकडचं माणूस फ्लॅटमध्ये राहायला गेलेलं असलं तरी पिशवी घेऊन तिकडे वळतंच. पावसाळ्यात होड्या बंद, म्हणून त्याआधी घरात जी बेगमी करून ठेवायची तिला आम्ही आगोट म्हणतो. हल्ली होड्या बंद असल्या तरी दुकानं उघडी असतात, फोनवर सांगितलं तर सामान दारात येतं. तरीही डबे भरल्याशिवाय आभाळाकडे बघवत नाही. सवय म्हणा, खोड म्हणा.

यंदाचे डबे पुसायला मी परवा खाली काढले आणि ओट्यामागची एक टाइल आपणहून सुटून सिंकमध्ये पडली. फुटली नाही, नुसती पडली, उभं राहून कंटाळल्यासारखी. मागची भिंत पांढरी झाली होती. मऊ, भुसभुशीत. लोणा. मी बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं. खारट. निवृत्त शिक्षिकेने भिंत चाटावी हे काही बरं दिसत नाही, पण बघायला कोणी नव्हतं. शिवाय या घरात तशी रीतच आहे. बय दर वर्षी याच दिवसांत त्या भिंतीला बोट लावून चाखायची आणि कोणीतरी विचारल्यासारखं सांगायची, अजून हाय.

बय म्हणजे माझी सासू. घरात आणि आळीतही सगळे तिला बयच म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागले. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. पण आगोट आली की ती घरात असते. निदान तिच्या तक्रारी असतात. मिरची अजून एक ऊन खाऊ दे. सोडे मोठ्या डब्यात नको, वास उडतो. चिंचेच्या गोळ्यांना मीठ कमी लागलंय, बुरशी धरेल. हे सगळं मी आता माझ्याच तोंडाने मला सांगत असते, आणि हे, म्हणजे माझे यजमान, बाहेरून विचारतात की कोणाशी बोलतेस.

त्या भिंतीची गोष्ट अशी. बांधाच्या पलीकडे आमचं मिठागर होतं. उन्हाळ्यात मीठ ओढायला सुरुवात झाली की पहिल्या राशीतलं थोडं मीठ घरी आणायचं, विकायचं नाही, आणि स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला टेकवून त्याचा ढीग घालायचा. वर भाताचा पेंढा. वर्षभर त्यातलंच मीठ घरात वापरायचं, माहेरपणाला आलेल्या लेकींना त्यातलंच बांधून द्यायचं. ढीग त्याच भिंतीला, दर वर्षी, कितीतरी वर्षं. पिढ्यान् पिढ्या मिठावर जगलेल्या माणसांना मीठ भिंत खातं हे ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? ठाऊक होतंच. पण लक्ष्मीला बाहेर कुठे ठेवायचं, असा त्यांचा हिशेब. आगर गेलं, त्याच्यावरून आता रस्ता गेला आहे आणि जासईकडे जाणारे ट्रेलर त्यावरून कायम धडधडत असतात. ढीग घालायलाही काही उरलं नाही. भिंतीतलं मीठ मात्र राहिलं आणि दमट हवा पडली की बाहेर येत राहिलं.

मी लग्न होऊन आले ती पनवेल शहरातून. बापाकडे चाळीतलं घर, पण ओटा होता, उभ्याने स्वयंपाक होता. आणि मी उंच. नको तितकी उंच. माहेरी मला उंटीण म्हणत, आणि लग्नाच्या फोटोत मी यांच्या बरोबरीची दिसू नये म्हणून फोटोवाल्याने यांना पाटावर उभं केलं होतं. इथे आले तर स्वयंपाकघर सगळं जमिनीवर. गॅस आलेला होता, पण शेगडी ठेवली होती ती एका बुटक्या दगडी फरशीवर, जिथे आधी चूल होती तिथेच. पाटा खाली, विळी खाली, पाण्याचा हंडा खाली. सासूबाई पाटावर बसून हाताच्या टप्प्यातल्या सगळ्या वस्तू न बघता उचलायच्या. मी माझे लांब पाय कुठे घालावेत या विवंचनेत. खांदा कॉलनीतल्या शाळेतून दमून आलं की त्या पाटाकडे बघून मला रडू यायचं. कधीतरी या घरात ओटा करायचा, माझ्या मापाचा, हे मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी मनात धरलं आणि मनातच वागवत राहिले. आधी मुलाचं शिक्षण, मग छप्पर, मग नणंदेचं बाळंतपण. स्वयंपाकघराची पाळी नेहमी पुढच्या वर्षी.

पाळी आली ती बयच्या गुडघ्यांमुळे. तिला खाली बसता येईना, बसली तर उठता येईना. ती प्लास्टिकच्या स्टुलावर बसून, खाली वाकून जमिनीवरच्या शेगडीवर कालवण ढवळायची. एकदा तोल गेला आणि तळणाची कढई कलंडली. तेल फरशीवर गेलं म्हणून निभावलं. डॉक्टर म्हणाले, आजींना आता जमिनीवरचं काम बंद. घरी आल्यावर यांनी जाहीर केलं की स्वयंपाकघर नवीन करायचं, पावसाच्या आत करायचं. इतकी वर्षं माझ्या पाठीला जे जमलं नाही ते बयच्या गुडघ्यांनी एका दुपारीत केलं. मला आनंद झाला, आणि तो असा झाला म्हणून थोडा रागही आला.

नव्या पनवेलात एक मोठं दुकान आहे, तिथे तयार स्वयंपाकघरं मांडलेली असतात. आम्ही तिघं गेलो. बयने त्या दिवसासाठी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. थंड हवेत ती लहानखुरी बाई त्या चकचकीत कपाटांमधून लग्नाच्या मांडवात फिरावं तशी फिरली. ग्रॅनाइटवर हात फिरवला, ड्रॉवर ओढून पाहिला, तो आपोआप मिटला तेव्हा दचकली आणि मग पुन्हा पुन्हा मिटवून पाहिला. तिथल्या मुलीने संगणकावर आमचं स्वयंपाकघर काढून दाखवलं. चित्रात ओट्यावर हिरवी सफरचंदं होती आणि खिडकीबाहेर डोंगर. आमच्या खिडकीबाहेर तिवरं आहेत आणि शेजाऱ्याची पाण्याची टाकी. बयने चित्र नीट बघून एकच विचारलं, यात सुकट कुठं ठेवायची. त्या मुलीने हसून हवाबंद डब्यांचा ड्रॉवर दाखवला. तोवर बय ओट्याशी जाऊन उभी राहिली होती आणि ओटा तिच्या छातीपर्यंत येत होता.

म्हणून ठरलं, ओटे दोन करायचे. खिडकीखाली बयचा, बुटका, त्यावर एक शेगडी आणि बाजूला पाटा बसवायला जागा. मागच्या भिंतीला माझा, सिंकसकट. दुकानाचा नाद सोडला, तो आमच्या आवाक्यातला नव्हताच. शेजारच्या गावचा काशिनाथ मिस्त्री बोलावला. त्याची माप घेण्याची पद्धत साधी होती. ज्या बाईने रांधायचं तिने ताठ उभं राहायचं, कोपरात हात दुमडायचा, कोपराच्या खाली चार बोटं सोडून रेघ मारायची, तो ओटा. भिंत खरवडायची होती म्हणून त्याने रेघा स्वयंपाकघराच्या दाराच्या सागवानी चौकटीवर मारल्या. आधी बयची, मग माझी. दोन्हींमध्ये बोटं लावून बघितली. आठ भरली. बयला त्या आठ बोटांची फार गंमत वाटली. मग तिने सांगितलं ते मला तोवर माहीत नव्हतं, की लग्न होऊन आली तेव्हा तीही उंच होती. आगरावर मीठ वाहणाऱ्या बायांमध्ये सगळ्यांत उंच. जुन्या घराच्या दाराला तिचं कपाळ आपटायचं. मग मिठाच्या ओल्या पाट्या डोक्यावरून वाहता वाहता ती कधी बुटकी झाली तिलाच कळलं नाही. एक दिवस दारातून जाताना लक्षात आलं की आपण वाकलोच नाही.

आम्ही ते हसण्यावारी नेलं. तीही हसतच सांगत होती.

काम निघालं तेव्हा आगोट तोंडावर आली होती. स्वयंपाकघर उपसून सगळं पुढच्या खोलीत आणलं. रात्री डब्यांच्या उतरंडीखाली झोपायचं, सकाळी पडवीत स्टोव्हवर चहा. प्लास्टर पाडायला लागले तसा विटकरी धुरळा घरभर बसला, वाळत घातलेल्या बोंबलांवरही. त्या वर्षीच्या बोंबलांना शेवटपर्यंत मातीची चव होती. हवेत दुपारभर एक चिकट उकाडा, वारा तळोज्याच्या कारखान्यांकडून वळला की औषधांचा दर्प, आणि या सगळ्यात बय दाराशी खुर्ची टाकून बसलेली, कोणी काय उचललं, कुठे ठेवलं यावर नजर ठेवून. मला तो महिना घरातल्या कोणाच्या तरी आजारपणासारखा आठवतो. सगळे दमलेले, चिडलेले, आणि रोज संध्याकाळी एकच विषय.

मागच्या भिंतीचं प्लास्टर पाडल्यावर काशिनाथने आम्हाला आत बोलावलं. विटा बोटाने उकरल्या तरी सांडत होत्या. त्याने करणीचं टोक आत घातलं ते मुठीपर्यंत गेलं.

"ही भिंत नाय, वयनी," तो म्हणाला. "मिठागर हाय."

नुसतं प्लास्टर करून भागणार नव्हतं. खालचे थर काढून नव्या विटा, ओल वर चढू नये म्हणून खाली पट्टी, मग औषध, मग प्लास्टर. नाहीतर टाइल एक पावसाळा टिकणार नाहीत. खर्च ऐकून यांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली, जे ते बोलण्यासारखं काही नसलं की करतात. बजेट बसवायचं म्हणजे कोणालातरी उठवायचं असतं, हे मला त्या संध्याकाळी कळलं. आधी योजलेलं धुराडं गेलं. मग कपाटांची दारं साधी झाली. मग खिडकीला जाळी नको असं ठरलं. तरी बसेना. शेवटी दोन ओट्यांमधला एक उठवावा लागला. भिंतीत मुरलेल्या मिठाने माझा किंवा बयचा ओटा खाल्ला होता, कोणाचा ते अजून ठरायचं होतं.

यांच्या मनात ठरलेलं होतं. एकच ओटा, नेहमीच्या उंचीचा. बयने आता रांधायचं कशाला? तिने बसावं, आयतं खावं, देवाचं नाव घ्यावं. बोलले ते प्रेमानेच. माझ्या मनात जे होतं तेच ते बोलत होते, तेव्हा मी बोलायची गरज नव्हती. बय दाराशी खुर्चीत होती. तिने ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून ती दाराशी बसेना. पुढे ओटीवर जाऊन बसली, रस्त्याकडे तोंड करून. कोणाच्या हातातून काय सांडतंय तिकडे तिचं लक्ष नाही. सोडेवाली दारात आली तर बयने माझ्याकडे बोट दाखवलं. सोडेवाली चमकली, कारण या घरात सोड्यांचा भाव करायचा मान बयचा, आणि तो तिने बाळंत सुनेपासून ते सरपंचाच्या बायकोपर्यंत कोणालाही कधी दिला नव्हता. मी भाव केला. महागात पडले. बयने विचारलंही नाही. जेवताना कालवण अळणी झालं होतं तरी ती मुकाट्याने जेवली, आणि ताट सरकवताना यांना म्हणाली, "मना ओटा नको. मागच्या दाराशी एक दगड मांडून दे. मी तिथं माजा माजा करीन."

हे जेवणावरून उठून गेले. मी तिच्या ताटाकडे बघत बसले. मला तिची दया आली असं मी सांगणार नाही. मला तिचा संताप आला. इतकी वर्षं जमिनीवर बसून मी माझ्या कमरेचे तुकडे करून घेतले, तिच्या स्वयंपाकघरात, तिच्या पाटावर. आता कुठे माझी वेळ आली तर ही बाई मागच्या दाराशी दगड मागते. गावाने बघावं म्हणून. आणि त्याच वेळी मला दिसत होतं की ती गावाला दाखवायला मागत नाही. ती खरंच त्या दगडाशी बसेल, बसता येत नसताना बसेल, आणि एक दिवस कढई पुन्हा कलंडेल. रांधणं काढून घेतल्यावर त्या बाईत काय उरणार होतं? दोन दिवसांत ती किती उरली होती ते मी बघतच होते.

काशिनाथ वाळू-सिमेंट कालवून उभा होता. ओटा धरायला घेतो, वयनी, कुठल्या रेघेवर? हे कामावर गेले होते. मी म्हटलं, खालच्या. त्याने मान वर करून बघितलं. मी पुन्हा म्हटलं, खालच्या रेघेवर धर, आणि लवकर धर, माझं मन फिरायच्या आत. हे मी इतक्या चिडून बोलले की त्याने लगेच विटांना हात घातला. विटांची पहिली ओळ बसेपर्यंत मी तिथेच उभी होते. मागे काठीचा आवाज झाला. बय ओटीवरून उठून आत आली होती. तिने रेघ बघितली, विटा बघितल्या, मग माझ्याकडे मान वर करून बघितलं. आभार मानायची रीत तिच्याकडे नव्हती. डोळे मात्र भरले होते, आणि ते लपवायला तिने आवाज चढवला.

"चिडू नको गो, मास्तरीनबाय. आज वाकशील, उद्या पुरशील."

मला ते शापासारखं लागलं. मी पाय आपटत बाहेर गेले आणि मिरच्या उलटवत बसले.

पाऊस पडायच्या आदल्या आठवड्यात ओटा उभा राहिला. साधा काळा कडप्पा, ग्रॅनाइटचा विषय केव्हाच मागे पडला होता. कडप्प्यावर नारळ फोडला, शेगडी ठेवली. बय ओट्याला पोट टेकवून उभी राहिली. तिने पहिलं काय केलं असेल तर सुक्या बोंबलांचं कालवण. झाकण काढलं आणि वाफ तोंडावर येऊ देत ती आत बघत राहिली, बराच वेळ. जमिनीवर बसून रांधणाऱ्या बाईला टोप नेहमी बाजूने दिसतो. तिने मला बोलावून दाखवलं, "कालवन वरून दिसतं गो." तेव्हा माझा राग गेला. पाठीची कळ गेली नाही, पण राग गेला. तिचा तो चेहरा बघायला मिळाला याचं मला आजही बरं वाटतं, आणि हे मला इथे सरळ सांगून टाकायचं आहे, कारण बाकी या लेखात बरं असं फारसं काही नाही.

त्या ओट्याशी ती थोडीच वर्षं उभी राहिली. मोजली नाहीत, मोजवत नाहीत. शेवटच्या आगोटीला तिच्याने डबे उचलवत नव्हते, पण कोणत्या डब्यात काय भरायचं ते ती ओट्याला टेकून सांगत होती. थंडीत गेली. दुपारी, झोपेत, कोणाला त्रास न देता. दिवसकार्याला बायका आल्या, एकेक जण स्वयंपाकघरात डोकावून गेली, आणि आपापसांत म्हणाल्या की ओटा केवढासा आहे. एकीने मला विचारलं, आता उंच करून घेणार असाल ना. तेराव्याच्या पुऱ्या मी त्याच ओट्यावर लाटल्या, पाय फाकवून, कोपरं कडप्प्यावर टेकवून, कारण तोवर मला त्या उंचीशी तडजोड कशी करायची ते येऊ लागलं होतं. पाय असे लांब टाकायचे. डोकं असं घालायचं. भांडी घासताना कपाळ समोरच्या टाइलला टेकवलं की पाठीला थोडा आराम मिळतो. लोणा त्या टाइलमागे तेव्हाच सुरू झाला असणार. माझं कपाळ तिथेच टेकत होतं, पण मला कळलं नाही.

मग उंच का करून घेतला नाही? कोणी विचारलं तर मी खर्चाचं सांगते. तेही खरं आहे. मुलाचं लग्न झालं, मग त्याने पुण्यात घर घेतलं, मग यांचं ऑपरेशन. पण नुसतं तेच नाही. कडप्प्याच्या कडेला, मधोमध, बयच्या लुगड्याच्या घासण्याने एक जागा गुळगुळीत झाली आहे. मी उभी राहते तेव्हा ती जागा माझ्या पोटाच्या खाली येते. आता बाई गेली, ओटा तोडा, असं मिस्त्रीला सांगायला तोंड उघडायचं आणि मिटायचं, असं माझं बरेच दिवस चाललं. मग सवय झाली. शाळा संपली, निवृत्त झाले, दिवसाचे जास्त तास स्वयंपाकघरात जायला लागले. पाठीला पट्टा आला. गोळ्या आल्या. डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ होतायत, या वयात बायकांचं होतंच. मी ते बायकांच्या खात्यात टाकून घरी आले.

मुलगा फोनवर म्हणतो, आई, त्या घरावर खर्च करू नका. त्याचं चुकत नाही. आजूबाजूची घरं पडून त्यांच्या जागी बिल्डिंगी आल्या आहेत. आता विमानं इतकी खालून जातात की ओट्यावरचे चमचे किणकिणतात. एक बिल्डरचा माणूस यांना चहाला बोलावतो आणि हे जाऊन येतात, काय बोलणं झालं ते सांगत नाहीत. सुनेला सुकटीचा वास सहन होत नाही. ती चांगली आहे, नाकाला रुमाल लावत नाही, नुसती खिडकीत जाऊन उभी राहते. तेव्हा हे डबे मी कोणासाठी भरते, आणि हे स्वयंपाकघर कोणासाठी नीट करायचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. यांच्याकडे मात्र यंदा अचानक उत्तर आलं. टाइल पडलेली बघून ते म्हणाले, काशिनाथला बोलावू. भिंत करूच, आणि या वेळी तुझा ओटाही करू. तुझ्या मापाचा. पैसे आहेत. मला त्यांच्याकडे बघवेना. इतक्या वर्षांनी माणसाने लक्षात ठेवलेलं असतं, आपल्यालाच वाटतं विसरला.

खरं सांगायचं तर त्या रात्री मला झोप आली नाही. मी मनात ओटा मांडत होते. कडप्पा काढून तोच पुन्हा वर बसवायचा, म्हणजे बयची जागा राहील. सिंक जरा डावीकडे. खिडकीला जाळी. नव्या नवरीसारखं मी एकेक ठरवत होते, आणि पाठ आताच सरळ झाल्यासारखी वाटत होती.

काशिनाथ काल आला. केस पांढरे झालेत, आता स्वतः विटा उचलत नाही, सांगतो. त्याने भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केलं, एक टाइल, दुसरी टाइल, आणि सगळ्या पोकळ झाल्याचं सांगितलं. मग दाराच्या चौकटीशी गेला. वरून रंग दोनदा दिला गेला तरी त्या दोन रेघा आहेत, कारण त्या वेळी त्याने पेन्सिल चांगली दाबून ओढली होती. खालची बयची, वरची माझी, मध्ये आठ बोटं. हे खूश होऊन म्हणाले, माप आहेच की, वरच्या रेघेवर धर. काशिनाथ म्हणाला, वयनी हायत समोर तर पुन्हा घेतो, माप ताजं बरं.

मी चौकटीला पाठ लावून उभी राहिले. कोपर दुमडलं. त्याने चार बोटं लावली आणि थांबला.

"वयनी, सरल उभ्या रावा."

"सरळच उभी आहे," मी म्हटलं.

त्याने यांच्याकडे बघितलं. यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. काशिनाथने मग रेघ मारली, या वेळी अगदी हलकी. मी वळून बघितलं. वरच्या रेघेला ती कुठेच जवळ नव्हती. मी माझी बोटं लावली. बयच्या रेघेपासून चार.

बाहेर मिरच्या वाळत होत्या, वाऱ्यावर पेंढ्याचा बारीक कचरा येऊन त्यांच्यावर बसत होता. मी म्हटलं, भिंतच तेवढी कर, काशिनाथ. ओट्याचे पैसे भिंतीला लाव. यांनी हरकत घ्यायला तोंड उघडलं. चार बोटांसाठी ओटा कशाला तोडायचा, मी म्हटलं, तेवढी जातील.